रडारची खंडेनवमी

"ही सही तुमचीच ना, रोकडे?"

एचआरच्या मंजुषा मॅडमनी प्लास्टिकच्या पाकिटातला कागद टेबलावरून पुढे सरकवला. विलास रोकडेला वाकून बघायचीही गरज नव्हती. सही त्याचीच होती, तीन वर्षांपूर्वीची, निळ्या शाईची, खाली दोन टिंबं दिलेली.

"माझीच आहे, मॅडम."

"वर काय लिहिलंय ते माहीत आहे ना?"

"पाठ आहे," विलास म्हणाला, आणि म्हणूनही दाखवलं. "टाकीतली पातळी मोजणारं हे रडार फक्त बंद पोलादी टाकीच्या आत, तोंड खाली करून चालवलं जाईल. टाकीबाहेर ते कधीही चालू केलं जाणार नाही. जबाबदार व्यक्ती, विलास भिकाजी रोकडे."

खोलीत आणखी दोघं होते. प्लँट मॅनेजर सोपानराव खिडकीपाशी उभे राहून फोन बघत होते, म्हणजे बघितल्यासारखं करत होते. दुसरा माणूस अनोळखी होता. वायरलेस खात्याचा अधिकारी, पन्नाशीचा, आवाज चढवायची सवय नसलेला. त्याने बॅगेतून एक सीलबंद पिशवी काढून टेबलावर ठेवली. पिशवीत स्टोअरमधलं जादाचं रडार होतं, विलासच्या कपाटात कुलपात असायचं तेच.

"मग हे दोन दिवस टाकीबाहेर चालू कसं होतं?" अधिकाऱ्याने विचारलं.



आता हे रडार म्हणजे काही विमानतळावरचं फिरतं धूड नव्हे. दोन किलोचं, बादलीएवढंही नाही. चाकणच्या एमआयडीसीत ही थिनर आणि रेझिन बनवणारी कंपनी, तिच्या आवारात पोलादाच्या आठ टाक्या. पूर्वी टाकीत माल किती हे बघायला झाकण उघडून आत पट्टी सोडायची आणि वाफेने डोकं धरून खाली उतरायचं. मग ही रडारं आली. झाकणात बसतात, खाली मालावर लहरी सोडतात आणि परत आलेल्या लहरींवरून आकडा दाखवतात. पोलादी टाकीतून लहर बाहेर पडत नाही, म्हणून त्यांना लायसनही लागत नाही. बाहेर पडली तर मात्र पंचाईत. हल्लीच्या गाड्यांच्या नाकात जे रडार असतं, पुढे कुणी आडवं आलं की आपोआप ब्रेक मारणारं, तेही त्याच लहरींवर चालतं. आणि चाकणला गाड्यांचा काय तोटा! कंपनीच्या भिंतीला लागूनच एका मोटार कंपनीचं नव्या गाड्या चालवून बघायचं आवार होतं.

म्हणून सरकारला एक नाव लागतं. ते नाव विलासचं होतं, आणि त्याला त्याचा अभिमान होता. आयटीआय झालेल्या, दापोडीच्या गल्लीतून आलेल्या माणसाचं नाव सरकारी कागदावर जबाबदार म्हणून छापलेलं असणं ही त्याच्या लेखी लहान गोष्ट नव्हती. एखादं रडार तपासायचं झालं तरी तो ते एका पोलादी पिंपात उलटं ठेवायचा, वरून झाकण आवळायचा आणि मगच करंट द्यायचा. पिंप त्याने भंगारातून स्वतः निवडून आणलं होतं. पोरं त्याला 'रोकडेंचं रांजण' म्हणून हसायची. तो म्हणायचा, हसा लेकांनो, पण झाकण लावा.

अधिकाऱ्याने सावकाश सगळं सांगितलं. दसऱ्याच्या दुपारी पलीकडच्या आवारात दोन गाड्या एकामागून एक धावत होत्या. रस्ता मोकळा होता. पुढच्या गाडीला समोर काहीतरी असल्याचा भास झाला आणि ती करकचून थांबली. मागची तिच्यावर आदळली. मागच्या गाडीत धनेश नावाचा सव्वीस वर्षांचा ड्रायव्हर होता. तो वाचला, पण कमरेखाली त्याला काही कळत नाही. तिथल्या इंजिनिअरांनी मोजणी केली तेव्हा या कंपनीच्या बाजूने लहर येत असल्याचं सापडलं. संध्याकाळी सातला ती एकाएकी बंद झाली.

"अपघात ह्याच्यामुळेच झाला असं मी छातीठोक सांगू शकत नाही," अधिकारी म्हणाला. "पण नियम मोडला गेला, एवढं नक्की. कुणी मोडला ते मला लिहायचंय."

"रजिस्टरवर बुधवारी आणि गुरुवारी तुम्हीच ड्यूटीवर आहात, रोकडे," मंजुषा मॅडम म्हणाल्या. "कार्ड स्वाइप झालंय. टाक्यांच्या फेरीवर सही आहे, 'रडार ठीक, झाकणं बंद'. उद्या तीन वाजता चौकशी. काय सांगायचं ते विचार करून या."

 बुधवारी आणि गुरुवारी विलास नागपुरात होता.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. टाकी विभागात टेक्निशियन दोनच, विलास आणि ज्योतीराम. दोघांपैकी एकालाही सणाची रजा कधी मंजूर होत नसे. तेव्हा दोघांनी एकोणीस वर्षांपूर्वी आपसात ठरवून टाकलं. दसऱ्याला विलास दीक्षाभूमीला जायचा आणि त्याचं कार्ड ज्योतीराम स्वाइप करायचा, फेरीच्या रजिस्टरवर त्याची सहीसुद्धा ठोकायचा. चैत्रात ज्योतीराम येरमाळ्याला येडाईच्या यात्रेला जायचा, तेव्हा त्याची सही विलास करायचा. एकोणीस वर्षं कुणाच्या बापाला पत्ता लागला नाही. उलट दोघांना एकमेकांची सही स्वतःच्या सहीपेक्षा सफाईने यायला लागली होती.

तो तडक शेडवर गेला. ही इन्स्ट्रुमेंटची शेड जिना चढून वर, खिडकी थेट भिंतीपलीकडच्या आवारावर उघडणारी. ज्योतीराम स्टुलावर बसला होता. समोर डबा उघडा, भाकरी तशीच.

"काय केलंस, ज्योतीराम?"

"पूजा केलो, इलास. दुसरं काय करणार?"

धाराशिवकडचा माणूस, बोलणं तिकडचंच राहिलेलं. एरवी त्या बोलण्याने विलासला बरं वाटायचं. आज वाटलं नाही.

"नवमीला सगळ्यांची मशिनं पुजली. फोर्कलिफ्टला हार, कंप्रेसरला हार, लेथला नारळ. आपल्या डिपार्टमेंटला काय? पाना अन् टेस्टर? म्हणलं, सगळ्यात भारी मशीन आपलं, अन् त्याला साधं कुंकू न्हाई. टाकीवर चढून कोण लावणार? म्हणून कपाटातलं काढलो. तुझी किल्ली व्हतीच माझ्याकडं."

"काढलंस ते काढलंस. चालू कशाला केलंस?"

"आरती झाल्यावर मशीन जरा चालवायची असती का न्हाई? लेथ फिरवली, फोर्कलिफ्ट हालवली. हे तर फिरत न्हाई. म्हणून करंट दिलो. निळे आकडे लागले, लई झ्याक दिसलं. सोपानरावांनीच आरती केली. ते सुदिक म्हणले, वा."

"मग बंद का नाही केलंस?"

ज्योतीरामने भाकरीकडे बघितलं. "नवमीचा दिवा दसरा सरेस्तोवर इझवत नसत्यात. आमच्यात न्हाई इझवत. तो उजेड बघून मला वाटलं, ऱ्हाऊ दे तेवताना."

"आणि तोंड? तोंड खिडकीकडे कुणी केलं?"

"देवाचं तोंड उगवतीला असतं, इलास. ते काय सांगाया लागतंय का?"

उगवतीला खिडकी होती. खिडकीखाली भिंत, भिंतीपलीकडे तो रस्ता.

"पिंपात का नाही ठेवलंस? तीन वर्षं बघतोयस ना मला?"

"देवाला पिंपात कोंडू व्हय?" ज्योतीराम म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "मला काय ठाव रे ते पोरगं तिकडं... दसऱ्याच्या सांजंला कळलं तसा पळत आलो अन् वायर उपटली. पुसून ठिवलो कपाटात."

विलासला त्याचा राग आला आणि कीवही आली. राग जास्त आला. पण त्याच्या तळाशी एक वेगळीच टोचणी होती, की आपण इथे असतो तर हे झालंच नसतं, आणि आपण इथे आहोत असं कागदावर लिहून ठेवायला आपणच सांगितलं होतं.

"सोपानराव म्हणलेत," ज्योतीराम हळूच म्हणाला, "पूजा झालीच न्हाई म्हणायचं. ग्रुपवरचे फोटो समद्यांनी काढून टाकलेत."

*

दापोडीला घरी पोचला तेव्हा साधना कोथिंबीर निवडत बसली होती. त्याने चपला काढता काढताच सगळं सांगून टाकलं. बायकोपासून लपवायची त्याला सवय नव्हती, आणि जमतही नव्हतं.

साधनाने सगळं ऐकून घेतलं. मग हात पुसले आणि म्हणाली, "अहो, पण तुमच्याकडे फोटो आहे की."

होता. नवमीच्या दुपारी, दोघं नागपूरच्या गर्दीत पाण्याच्या टँकरपाशी उभे असताना ज्योतीरामने तो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'तुझ्या रडारची पूजा केलो बघ.' पाटावर रडार, गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर म्हणावं तिथे कुंकू, पडद्यावर निळे आकडे. मागे सोपानराव हात जोडून, शेजारी ज्योतीराम डोक्यावर टोपी घालून. बाकी वीस-बावीस माणसं. विलास सोडून सगळी. तेव्हा पडद्याचा उजेड त्याच्या लक्षातच आला नव्हता. तो नुसता हसला होता आणि साधनाला दाखवून म्हणाला होता, वेडा आहे ज्योतीराम.

"उद्या तो फोटो त्या साहेबाच्या टेबलावर ठेवा," साधना म्हणाली. "दूध का दूध होऊन जाईल."

"आणि ज्योतीरामचं काय होईल?"

"त्याचं त्याने करून ठेवलंय."

"सोपानराव वरच्या ओळखीने सुटतील. हाकलतील त्याला एकट्याला. सुमनताईंचं डायलिसिस कंपनीच्या कार्डावर चालतंय, साधना. आठवड्यातून दोनदा."

"आणि तुम्हाला हाकललं तर? मैत्रीचं काय लोणचं घालायचंय?" ती चिडून म्हणाली. पण ज्योतीरामच्या बायकोचं नाव निघाल्यावर तिचाही आवाज खाली आला. डायलिसिसच्या पहिल्या दिवशी सुमनताईंच्या उशाशी तीच बसली होती.

"शिवाय बाहेर काय बोलतील ते ऐकू येतंय मला," विलास म्हणाला. "रोकडेने पूजेचं नाव सांगून सगळ्यांना अडकवलं. ह्यांना आमचा देव सलतो म्हणतील. एकोणीस वर्षं त्यांच्यात राहिलो ते एका दिवसात पुसलं जाईल."

"ते तर तुम्ही काही न करताही म्हणतात."



सातच्या सुमारास दारात ज्योतीराम उभा राहिला. "जय भीम, वहिनी." एरवी जगाला राम राम घालणारा हा माणूस या उंबऱ्यावर मात्र न चुकता जय भीम म्हणायचा. साधनाने उत्तर दिलं, पाणी दिलं आणि आत निघून गेली. ज्योतीराम खुर्चीच्या कडेला टेकला.

"त्या पोराकडं गेलतो," तो म्हणाला. "दवाखान्याच्या दारापतोर. त्याची आई बाहेर बाकड्यावर बसली व्हती. आत जायची छाती झाली न्हाई."

"मग इथं कसा आलास?"

"तुझ्याकडं यायला छाती लागत न्हाई, म्हणून आलो." तो थांबला. "इलास, तो फोटो काढून टाक. माझी नोकरी गेली तर सुमन चार महिने काढणार न्हाई. तुला फुकट सांगत न्हाई, डॉक्टरांनी सांगितलंय. तुझं घर सोताचं हाय, लेकीचं लगीन झालंय. माझ्याकडं काय हाय?"

विलास खवळला. "म्हणजे माझं सगळं झालंय, म्हणून मी मरायचं?"

"तसं न्हाई रे."

"तसंच आहे. तोंडाने बोललास तेच आहे."

आत भांडं आपटल्याचा आवाज आला. ज्योतीरामने मान खाली घातली. त्याच्या टाळूवरचे विरळ केस दिसले, आणि विलासला का कोण जाणे त्या क्षणी एकोणीस वर्षांचे डबे आठवले. त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी, आपल्या डब्यातलं बोंबलाचं कालवण, आणि उष्ट्या-माष्ट्याचा, जातीपातीचा विचारही मनात न आणता एका झाकणात हात घालणारा हा एकटाच माणूस. पहिल्या दिवशी, पहिल्या जेवणाला त्याने ते केलं होतं. बाकी सगळे नंतर शिकले, काही शिकलेच नाहीत.

त्याने फोन काढला. फोटो उघडला. ज्योतीरामसमोर धरला आणि पुसून टाकला.

"बघितलंस? गेला. आता माझ्याकडे काही नाही," विलास म्हणाला. "फोटो असता आणि तू बोलला असतास, तर फोटोच्या धाकाने बोललास असं झालं असतं. आता धाक नाही. मी तुझं नाव घेणार नाही. उद्या बोलायचं की नाही, ते तुझं तू बघ."

ज्योतीरामने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि रडला. मग चहा न घेताच गेला. साधना बाहेर आली, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"बोलेल तो?" तिने विचारलं.

"बोलेल," विलास म्हणाला. खरंच वाटत होतं त्याला तसं.

*

दुसऱ्या दिवशी तीनला मीटिंग रूममध्ये सहा माणसं होती. अधिकारी, मंजुषा मॅडम, सोपानराव, पलीकडच्या कंपनीचा एक तरुण इंजिनिअर, विलास आणि ज्योतीराम. एसी इतका जोरात होता की मंजुषा मॅडमनी ओढणी गळ्याभोवती घेतली. इंजिनिअरने आधी धनेशची अवस्था वाचून दाखवली. वाचताना त्याला मधे थांबावं लागलं. तोही त्याच वयाचा होता.

अधिकाऱ्याने विलासला विचारलं, "यंत्र कुणाच्या ताब्यात होतं?"

"माझ्या. कपाट माझं, किल्ली माझी."

"टाकीबाहेर चालू कुणी केलं?"

 विलास ज्योतीरामकडे बघत राहिला. ज्योतीरामने ओठ ओले केले. एकदा वाटलं, आता बोलतो. 

"तुम्हाला काही माहीत आहे?" अधिकाऱ्याने त्यालाच विचारलं.

"मी..." ज्योतीराम म्हणाला. सोपानरावांनी खुर्ची जराशी मागे ओढली, तिचा पाय फरशीवर कर्रर्र वाजला. "मी खाली टाक्यांवर व्हतो, सायेब. मला न्हाई ठाव. रडारचं समदं इलासच बघतो."

विलासला कानशिलात बसावी तसं झालं. त्याला कळत होतं, माणूस घाबरलाय, बायको आहे, सगळं कळत होतं. कळून काय उपयोग. आतून एवढंच येत होतं, की अरे, मी तर तुला मोकळं सोडलं होतं.

"लिहा, मी," तो म्हणाला.

सोपानरावांचा श्वास सुटला. "झालं तर मग," ते म्हणाले.

"झालं नाही," अधिकारी म्हणाला. त्याने सीलबंद पिशवी उजेडात धरली. "ह्या आट्यांत कुंकू आहे. पुसलंय, पण निघालेलं नाही. झेंडूची पाकळीही आहे एक. ते कशासाठी चालू केलं, हे कारण मला लिहावं लागेल. कारण नसेल तर मला पुन्हा सगळ्यांचे जबाब घ्यावे लागतील. त्या दिवशी पूजेला हजर असलेल्या प्रत्येकाचे." मग तो विलासकडे वळला. "तुम्ही खंडेनवमीची पूजा केलीत? तुम्ही?"

त्या 'तुम्ही'त काय होतं ते खोलीतल्या सगळ्यांना समजलं. विलासच्या शर्टाच्या खिशाला अजून दीक्षाभूमीचा लहानसा बिल्ला होता, परवाच नागपूरहून लावून आलेला.

नोकरी जाऊ शकते हे विलासने रात्रीच पचवलं होतं. हे मात्र त्याच्या हिशेबात नव्हतं. त्याच्या आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते आणि पुन्हा म्हणून कुठल्या मूर्तीपुढे हात जोडले नाहीत. वडील बेचाळीस वर्षं पिंपरीच्या कारखान्यात नवमीच्या आरतीच्या वेळी बाजूला उभे राहिले. प्रसादाचा पेढा घ्यायचे, कारण माणसं देत होती. कुंकू लावून घ्यायचे नाहीत. टोमणे खाल्ले, एकदा बढतीही गेली, पण त्या एका गोष्टीला ते कधी ढळले नाहीत. आणि विलास स्वतः गुरुवारी, दसऱ्याच्या दुपारी, लाखोंच्या गर्दीत उभा राहून बावीस प्रतिज्ञा म्हणाला होता. देव मानणार नाही, त्यांची पूजा करणार नाही. म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दरवर्षी येतं तसं. त्याच दुपारी भिंतीपलीकडे ते पोरगं मोडून पडलं होतं.

हे सगळं या खोलीत एकाच माणसाला ठाऊक होतं. एकोणीस वर्षं जेवताना ऐकलेलं होतं त्याने. विलासने पुन्हा एकदा त्याच्याकडे बघितलं. नोकरी नको वाचवू, बाबा. एवढं एक वाचव.

ज्योतीराम टेबलाच्या कडेवरचा सोललेला सनमायका नखाने उचकटत होता. त्याने वर बघितलं नाही.

"रोकडे?" अधिकाऱ्याने हळू आवाजात विचारलं. त्याला बहुतेक काहीतरी उमगलं होतं. तो थांबला, वाट बघितली. पण वाट बघून किती बघणार, त्यालाही फाइल बंद करायची होती.

"हो," विलास म्हणाला. "मी केली पूजा."

अधिकाऱ्याने ते लिहून काढलं आणि मोठ्याने वाचलं. 'श्री. विलास भिकाजी रोकडे यांनी खंडेनवमीच्या पूजेसाठी सदर उपकरण स्वतःच्या हाताने टाकीबाहेर चालू केले.' विलासने बिल्ला काढून पँटच्या खिशात टाकला आणि मग सही केली. निळ्या शाईची, खाली दोन टिंबं. मंजुषा मॅडमनी दुसरा कागद पुढे केला, तो सेवा समाप्तीचा होता आणि आधीच टाइप केलेला होता.

*

एवढ्यावर सुटका व्हायला हवी होती. पण अधिकाऱ्याला जाण्याआधी आठही टाक्यांची झाकणं तपासलेली हवी होती, एकेक बोल्ट आवळलेला, एकेक रडार जागेवर असल्याचा फोटो. सोपानरावांनी इकडे-तिकडे बघितलं. रडारचं ते काम नीट येणारा माणूस कंपनीत एकच होता, आणि त्याला दहा मिनिटांपूर्वी काढून टाकलेलं होतं.

"रोकडे," ते चाचरत म्हणाले, "जाता जाता तेवढं..."

साधना असती तर म्हणाली असती, उठा, चला घरी, करू देत त्यांचं त्यांना. विलासलाही क्षणभर तसंच वाटलं. मग त्याला पलीकडच्या आवारातला तो रस्ता आठवला. त्याने पाना उचलला.

टाकीवर चढायची लोखंडी शिडी सुटी असते, आणि खाली दुसऱ्या माणसाने ती धरायची असा कंपनीचा नियम आहे. दुसरा माणूस ज्योतीराम होता. दोघं एका टाकीकडून दुसऱ्या टाकीकडे गेले, एक शब्द न बोलता. विलास चढायचा, झाकणाभोवतीचे सोळा बोल्ट क्रमाने आवळायचा, समोरासमोरचे, तिरपे, पुन्हा पहिल्यापासून. रडारची केबल बोटाने ओढून बघायचा, आकडा वाचून खाली सांगायचा. अधिकारी लिहून घ्यायचा. ऊन कलत आलं होतं. दुसरी शिफ्ट सुटी झाल्यासारखी सगळी माणसं गॅलरीत येऊन उभी होती आणि विलासने वर बघितलं की आत सरकत होती.

आठव्या टाकीचा आकडा लिहून झाला तसा अधिकाऱ्याने वही मिटली. विलासकडे बघून मान हलवली आणि गाडीकडे निघून गेला. विलास उतरायला लागला.

"इलास," खालून ज्योतीराम म्हणाला. चौकशीनंतरचा हा त्याचा पहिला शब्द. "पूजेचं तू का व्हय म्हणलास रे? त्येवढं तरी..." 

विलास दोन पायऱ्या वर थांबला.  

"उद्या बुधवार," तो म्हणाला. "सुमनताईंना वेळेवर घेऊन जा."

तो खाली आला. पाना कापडाने पुसला, पेटीत ठेवला आणि पेटी ज्योतीरामच्या पायापाशी सरकवली. हेल्मेट काढून त्यावर ठेवलं.

"सोड आता शिडी," तो म्हणाला. "उतरलो मी."

गेटवर त्याने कार्ड जमा केलं, वहीत वेळ लिहिली, पाच पस्तीस. बसच्या थांब्याकडे वळण्याआधी त्याने एकदाच मागे बघितलं. ज्योतीराम अजून तिथेच होता, दोन्ही हातांनी रिकामी शिडी घट्ट धरून.